‘सर म्हणतात, वाढीचं दुखणं आहे’: तेरा वर्षांच्या वेगवान गोलंदाजाची कंबर

कळव्याहून एका ताईंनी विचारलं आहे. मुलगा १३ वर्षांचा, उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज. आठवड्यातले सहा दिवस अकादमी, रविवारी सामना. वर्षभरात उंची भराभर वाढली. तीन आठवड्यांपासून कमरेत डाव्या बाजूला दुखतंय. सर म्हणतात, वाढीचं दुखणं आहे, टाकत राहिला की जाईल. एक्स-रे काढला, त्यात काही आलं नाही. उशीर झाला किंवा नो-बॉल पडले की मैदानाला दहा फेऱ्या, आणि त्या संपेपर्यंत पाणी नाही. एकदा कानाखालीही बसली. मुलगा म्हणतो, सरांना काही बोलू नकोस, टीममधून काढतील. ताईंचे प्रश्न दोन: कमरेचं काय करायचं, आणि याला शिस्त म्हणायची की अकादमी बदलायची?

ताई, खेळणाऱ्या मुलांच्या दुखापतींवर काम करणारा फिजिओथेरपिस्ट म्हणून उत्तर देतो. तुम्ही प्रश्न दोन लिहिलेत, पण माझ्या लेखी ते एकमेकांत अडकलेले आहेत. या वयातली ताणाची दुखापत एका चेंडूवर होत नाही, ती आठवड्यांमागून आठवडे साचते. साचत असताना तिची खबर एकट्या मुलाला असते. फोटोत दिसण्याच्या कितीतरी आधी त्याला कळलेलं असतं. ज्या मैदानावर ‘दुखतंय’ म्हटलं की फेऱ्या मिळतात, तिथे मूल ती खबर दाबून ठेवतं. म्हणून कोणत्याही प्रशिक्षकाबद्दल मी पालकांना आधी एवढंच विचारतो: मुलाने ‘दुखतंय’ म्हटल्यावर त्याच दिवशी त्याचं काम कमी होतं का? तुमच्याकडे याचं उत्तर ‘नाही’ आहे.

आधी कंबर, कारण ती थांबणार नाही. निदान होईपर्यंत गोलंदाजी आजपासून बंद. नेटमध्ये ‘हळू टाकतो’ हेसुद्धा नको. पळणं, उड्या, मागे वाकण्याचे व्यायामही बंद. चालणं, शाळा, बसून करायचं सगळं चालू ठेवा. अंथरुणाला खिळवून ठेवायची गरज नसते.

‘वाढीचं दुखणं’ ही खरी गोष्ट आहे, पण तिची लक्षणं ठरलेली आहेत. ते साधारण ३ ते १२ वयात, दोन्ही पायांत, पोटऱ्या किंवा मांड्यांच्या स्नायूंत, संध्याकाळी किंवा रात्री दुखतं. सकाळी मूल उड्या मारत उठतं. एकाच बाजूला, एकाच जागी, खेळताना वाढणारं आणि तीन आठवडे टिकलेलं दुखणं त्यात बसत नाही. कमरेचं तर अजिबात नाही.

उजव्या हाताच्या गोलंदाजाला डाव्या बाजूला, कण्यापासून दोनएक बोटांवर दुखत असेल तर पहिली शंका मणक्याच्या ताणाच्या भेगेची घ्यावी लागते. डॉक्टर तिला स्पाँडिलोलिसिस म्हणतात. मणक्याच्या मागच्या भागात हाडाचा एक अरुंद पूल असतो, बहुतेक वेळा कमरेच्या चौथ्या किंवा पाचव्या मणक्याचा. चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो, शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर वर येतो, आणि नेमक्या त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, बाजूला झुकलेली आणि पिळलेली असते. हा सगळा भार त्या पुलावर, हाताच्या विरुद्ध बाजूला पडतो. प्रत्येक चेंडूला हाडात सूक्ष्म झीज होते आणि विश्रांतीत ती भरून येते. भरण्यापेक्षा झीज जास्त झाली की आधी हाडाला सूज येते, मग भेग पडते. तरीही खेळत राहिलं तर भेग आरपार जाते. ती दोन्ही बाजूंना झाली तर मणका पुढे सरकू शकतो.

घरी एवढं बघा. पुढे वाकल्यावर बरं वाटतं आणि मागे वाकल्यावर टोचतं का? डाव्या पायावर उभं राहून हलकेच मागे वाकल्यावर त्याच जागी दुखतं का? दोन दिवस सुट्टी दिली की थांबतं आणि पहिल्या-दुसऱ्या षटकात परत येतं का? एका पायावर वाकण्याची ही चाचणी होकारार्थी आली तर शंका बळावते. नकारार्थी आली म्हणून मात्र शंका जात नाही, त्यामुळे मुलाला पुन्हा पुन्हा वाकवू नका. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

एक्स-रे स्वच्छ आला म्हणून सर निश्चिंत आहेत, पण सुरुवातीची भेग एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. हाडाची सूज एमआरआयमध्ये दिसते, आणि खरा उपयोग त्या टप्प्यावर पकडण्यात आहे. क्रीडा-वैद्यकाचा अनुभव असलेल्या हाडांच्या डॉक्टरांकडे जा. ‘वेगवान गोलंदाज, विरुद्ध बाजूची कंबरदुखी, तीन आठवडे, एक्स-रे नॉर्मल’ एवढं कागदावर लिहून न्या. एमआरआयच्या चिठ्ठीवर ‘पार्समधल्या ताणाच्या भेगेची शंका’ असा उल्लेख करायला सांगा (पार्स म्हणजे वर सांगितलेला हाडाचा अरुंद पूल). तो नसेल तर तपासणी नेहमीसारखी दोन मणक्यांमधल्या चकतीच्या (डिस्कच्या) दृष्टीने होते आणि हा भाग निसटू शकतो.

निदान तेच निघालं तर? किती थांबायचं ते टप्प्यावर, वयावर आणि भेग एका बाजूला आहे की दोन्हीकडे, यावर ठरतं. साधारण तीन ते सहा महिने गोलंदाजी बंद, असा अंदाज धरून चाला. सूज असताना पकडलेलं हाड बहुतेकदा नीट जुळतं, जुनी आरपार भेग तितकी खात्रीने जुळत नाही. इथली सर्वांत मोठी फसगत म्हणजे दुखणं हाड भरण्याच्या आधीच थांबतं. तीन-चार आठवड्यांत मुलगा म्हणेल, आता काहीच होत नाहीये. सर म्हणतील, बघा, मी सांगितलं होतं. तेव्हा परतलेला मुलगा पुन्हा पहिल्या पायरीवर येतो, आणि दुसऱ्या वेळची भेग जास्त हट्टी असते.

परवानगी मिळाल्यावर परतीला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. मी पहिले दोन आठवडे दिवसाआड, चालत येऊन, अर्ध्या जोराने १२ चेंडू सुचवतो. मग अर्ध्या रनअपने १८, मग पूर्ण रनअपने २४. लागोपाठ दोन दिवस नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कशी आहे यावर पुढची पायरी ठरते, चेंडू टाकताना कसं वाटलं यावर नाही. या काळात पोट, कुशी आणि नितंबांच्या स्नायूंची ताकद वाढवायची. ॲक्शन बघायची वेळही तीच. खांदे आणि कमरेची दिशा एकमेकांशी जुळत नसेल, म्हणजे पाय एका तऱ्हेचे आणि खांदे दुसऱ्या तऱ्हेचे असतील, तर पीळ वाढतो. मागून आणि बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दुखत असताना ॲक्शन बदलायला मात्र कोणालाही देऊ नका.

आता मूळ हिशेब. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने अनेक वर्षं वापरलेल्या सूचनांत १३ वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसात १० षटकं, १४-१५ वयाला ६ आणि १२, १६-१७ ला ७ आणि १८ अशी मर्यादा होती. सरावात १३ पर्यंत एका सत्रात ३० चेंडू आणि आठवड्याला दोन सत्रं. आकडे म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. एकाच वयाची दोन मुलं हाडाने दोन वर्षं मागेपुढे असू शकतात. पण तुमच्या मुलाच्या सहा दिवसांशी ते ताडून बघा. सामन्यातली षटकं सगळे मोजतात, नेटमधले चेंडू कोणीच मोजत नाही. फलंदाज बदलत राहतात, गोलंदाज तोच, आणि तासाभरात ६०-७० चेंडू सहज पडतात.

आपल्याकडे यात वर्षाच्या दोन जागा हमखास घातक. एक एप्रिल. वार्षिक परीक्षेसाठी दीड-दोन महिने बॅट-बॉल बंद, आणि पेपर संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुट्टीचा कॅम्प, सकाळी तीन तास, संध्याकाळी दोन. शून्यावरून एकदम शिखरावर. हाडाला नेमकी ही उडी सोसत नाही. दुसरी पावसाळ्यात. मैदानं चिखलात, म्हणून सराव छपराखाली सिमेंटवर किंवा पातळ मॅटिंगवर. पाय आदळतो तेव्हा मातीची विकेट थोडा जोर पोटात घेते, सिमेंट सगळा परत देतं. त्या महिन्यांत वेगवान गोलंदाजाने चेंडू निम्मे करावेत आणि ताकदीवर काम करावं.

एक वही करा. रोज चार नोंदी: सामन्यातले चेंडू, नेटमधले चेंडू, दुसऱ्या सकाळचं दुखणं शून्य ते दहात, झोपेचे तास. एका आठवड्यातून दुसऱ्यात चेंडू फार तर दहा-पंधरा टक्क्यांनी वाढावेत. दर महिन्याच्या १ तारखेला भिंतीला टेकवून उंची मोजा. मुलांची सर्वांत जोराची वाढ साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास येते, मुलींची बाराव्या. तीन महिन्यांत दोन-अडीच सेंटीमीटर वाढ दिसली की त्या तिमाहीत काम वाढवायचं नाही, उलट उतरवायचं. हाडं लांब होतात, स्नायू मागे राहतात, आणि हाडांच्या टोकांच्या वाढीच्या चकत्या, म्हणजे जिथून हाड लांब होतं त्या जागा, वाढत्या सांगाड्यात सर्वांत नाजूक असतात. गुडघ्याखालचा टेंगूळ, टाचेचं दुखणं, फेकणाऱ्या खांद्याचं दुखणं ही सगळी याच काळातली. आणखी एक ढोबळ माप उपयोगी पडतं: आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. १३ वर्षं, १३ तास. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षात मिळून दोन-तीन महिने या खेळापासून लांब.

फेऱ्या आणि पाणी याबद्दल मला स्पष्टच बोलायचं आहे, कारण याला अजूनही ‘कणखर बनवणं’ म्हणतात. पाणी अडवल्याने शरीर कणखर होत नाही. ठाणे-नवी मुंबईची हवा दमट, घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला खुल्या मैदानावरच्या सोहळ्याला आलेल्या माणसांचा उष्माघाताने मृत्यू झाला. ती तर नुसती बसलेली होती. पळणाऱ्या मुलाच्या शरीरात उष्णता आतूनही तयार होते. दर १५-२० मिनिटांनी एक छोटा ग्लास पाणी हा सरावाचा भाग आहे, बक्षीस नव्हे. मूल बरळायला लागलं, तोल जायला लागला, विचारलेल्याचं भलतंच उत्तर देऊ लागलं तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत वाट न बघता गार करा: कपडे सैल, अंगभर पाणी, मिळेल तेवढा बर्फ मान, काखा, जांघांत, वरून वारा. टबभर बर्फाचं पाणी असेल तर गळ्यापर्यंत बसवा, डोकं धरून. आधी गार करायचं, मग न्यायचं.

शंभर-दोनशे उठाबशा किंवा बदक-चाल हीसुद्धा शिक्षा म्हणून साधी नाही. सवय नसलेल्या मांड्यांचे स्नायू त्यात अक्षरशः फुटू शकतात, आणि त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात जातं. एक-दोन दिवसांनी मांड्या टम्म सुजल्या आणि लघवी कोलासारखी गडद झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, रुग्णालयात न्या. शिवाय व्यायाम शिक्षा म्हणून दिला की मूल मान टाकेपर्यंत थांबत नाही, कारण थांबायचा हक्क त्याचा नसतो. सामन्याआधी डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन देण्याचं कोणी सुचवलं तर तिथेच नाही म्हणा. दुखणं दबतं, भेग वाढत राहते, आणि पाणी कमी असताना ही औषधं मूत्रपिंडालाही बाधतात.

शिस्त कुठे संपते? कडक सर ओरडतील, संघाबाहेर बसवतील, उशिरा आल्यावर सामना काढून घेतील, तेच ड्रिल पन्नासदा करून घेतील. हे सगळं चालतं, आणि चांगल्या सरांकडे ते असतंच. हात उचलणं, पाणी तोडणं, दुखापतीची टवाळी, अंगकाठीवरून शेरे, वजन गटात बसवण्यासाठी उपाशी ठेवणं, आणि ‘घरी सांगू नका’ ही ताकीद, हे कोणत्याही खेळात चालत नाही. कबड्डीच्या किशोर गटापासून जिम्नॅस्टिक्सपर्यंत रेघ हीच. पालकांनाही सांगणं आहे: ‘सर, एक लावली तरी चालेल, पण पोरगं घडवा’ हे वाक्य आपण प्रवेशाच्या दिवशी बोलतो. मूल ते ऐकत असतं, आणि मग मार बसल्यावर घरी सांगत नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक गोष्ट या निमित्ताने तपासा. प्रशिक्षक आणि मूल एकटे बंद दाराआड कधी असतात का? रात्री वैयक्तिक मेसेज? सर स्वतः मालीश करून देतात? बाहेरगावच्या स्पर्धेत खोली कोणाबरोबर? निरोप पालक असलेल्या ग्रुपवर, उपचार उघड्यावर आणि दुसरं मोठं माणूस समोर असताना, मुलांच्या खोलीत प्रशिक्षक नाही, मुलींच्या संघासोबत बाई व्यवस्थापक हवीच. चांगल्या प्रशिक्षकाला या नियमांचा त्रास होत नाही, त्यांनी त्याचंही रक्षण होतं.

लैंगिक स्वरूपाचं काहीही, अगदी शब्द किंवा मोबाइलवर दाखवलेलं चित्रसुद्धा, २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात येतं. १८ वर्षांखालच्या मुलाबाबत असं कळल्यावर पोलिसांना सांगणं कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘क्लबची बदनामी होईल’ म्हणून दाबणारा पदाधिकारी कलम २१ खाली स्वतः गुन्हेगार ठरतो. अशा वेळी मुलाला खोदून खोदून विचारू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे तारखेनिशी लिहून ठेवा, मेसेज पुसू नका, प्रशिक्षकाला आधी जाब विचारायला जाऊ नका. १०९८ (चाइल्डलाइन) किंवा ११२ (पोलीस) वर फोन करा. मुलाचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, गणवेशात नाही.

तुमच्या बाबतीतली थप्पड आणि पाणी तोडणं २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये बसू शकतं. मूल ज्याच्या ताब्यात सोपवलंय त्याने त्याला विनाकारण यातना दिल्या तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलांची जबाबदारी घेतलेल्या संस्थेतल्या माणसाने केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. शाळेच्या संघाचे सर असते तर शिक्षण हक्क कायद्याचं, शारीरिक शिक्षेला मनाई करणारं कलम १७ सुद्धा लागलं असतं. तक्रार करायची की नाही हे तुमच्या घरावर सोडतो. एका थपडेवर प्रकरण किती पुढे जाईल हे सांगणं अवघड आहे. पण तारीख, वेळ, कोण हजर होतं, एवढं आजच लिहून ठेवा. दुसऱ्यांदा झालं तर ते आठवणीवर अवलंबून राहायला नको.

सरांशी बोलताना डॉक्टरांचा कागद हातात हवा. मेसेज असा पाठवा: ‘सर, नमस्कार. मुलाच्या कमरेच्या हाडावर ताण आल्याची डॉक्टरांना शंका आहे. लेखी परवानगी येईपर्यंत त्याची गोलंदाजी, पळणं आणि उड्या बंद राहतील. तो मैदानावर येऊन स्कोअरिंग करेल. कागद सोबत जोडला आहे. त्याला शिक्षा म्हणून पळवू नये, हात लावू नये आणि पाणी कधीही अडवू नये. शनिवारी भेटायला येतो.’ भेटायला शक्यतो दोघं जा. बाकी मुलांसमोर बोलू नका. मुलाला बरोबर नेऊ नका. ती भेट होईपर्यंत तो एकटा सरावाला जाणार नाही, तुमच्यापैकी कोणीतरी तिथे थांबेल.

अकादमी बदलायची का, हे त्या उत्तरावरून ठरवा. सर म्हणाले, ‘मला कळायला हवं होतं, परत उभा राहीपर्यंत मी सांभाळतो,’ आणि पुढच्या दोन आठवड्यांत तसं वागले, तर राहा. मुलाचे मित्र, त्याची जागा, घराजवळचं मैदान यांनाही किंमत आहे. अर्थात बाकीच्या मुलांच्या फेऱ्या आणि पाणीही बदललं का ते बघा. ‘आमच्या वेळी टाके घालून खेळायचो’ असं आलं किंवा मुलाला टोमणे सुरू झाले, तर महिन्याची फी बुडाली तरी काढा. तीन ते सहा महिने तो तसाही गोलंदाजी करणार नाही, म्हणजे शोधायला वेळ आहे. नवी जागा बघताना सराव संपायच्या अर्धा तास आधी न सांगता जा. पाण्याचा पिंप कुठे आहे, दमलेल्या मुलाशी सर कसे बोलतात, बाजूला बसलेला जखमी मुलगा कोणाशी बोलतोय की एकटा आहे, ते बघा. मग तीन प्रश्न: तेरा वर्षांचा मुलगा दिवसात किती षटकं टाकतो, नेटमधले चेंडू कोण मोजतं, आणि डोक्याला चेंडू लागला तर काय करता? शेवटच्याचं बरोबर उत्तर एकच. त्या दिवशी तो पुन्हा मैदानात उतरत नाही, कितीही बरं वाटलं तरी.

आणि मुलगा. त्याला ‘सर मारतात का?’ असं समोर बसवून विचारू नका, तो नाही म्हणेल. स्टेशनवरून येताना किंवा जेवताना सहज विचारा: ‘तुमच्यात कुणाचं दुखत असलं तर तो कुणाला सांगतो? मग काय होतं?’ त्याची भीती संघातली जागा जाण्याची आहे, आणि ती खोटी नाही. तेव्हा ‘काही होत नाही रे’ म्हणू नका. सांगा की सरांशी आम्ही बोलणार आहोत, तुला काही बोलायचं नाही, आणि या हंगामातली जागा गेली तरी गोलंदाजी जाणार नाही. एमआरआयचा रिपोर्ट आला की त्यातला निष्कर्षाचा परिच्छेद नाव झाकून इथे लिहा, म्हणजे कोणता टप्पा आहे ते बघून परतीचं वेळापत्रक सांगता येईल.